तीन रेषांचं माप: मोसिनपासून अमेठीच्या एके-२०३ पर्यंत

उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा इथल्या कारखान्यातून एके-२०३ रायफलींची नवी खेप लष्कराकडे गेली, अशी बातमी हल्ली अधूनमधून येते. अशीच एक बातमी आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवत होतं. एका आजोबांनी मध्येच अडवलं. "अरे, सत्तेचाळीस ऐकली, छप्पन्न ऐकली. एकदम दोनशे तीन? मधल्या दीडशे रायफली कोणी खाल्ल्या?"

सगळे हसले, पण उत्तर कोणालाच देता आलं नाही. या आकड्यांचा माग काढत गेलं की रशियन पायदळाच्या शस्त्रांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागतो. त्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा घडते. कोणीतरी हुशार, नाजूक, गुंतागुंतीचं शस्त्र बनवतं, ते सैन्याच्या पदरात पडतं, आणि थोड्या वर्षांत साध्या शस्त्राकडे परत यावं लागतं. हा साधेपणा मात्र रशियाला स्वस्तात मिळालेला नाही.

आकड्यांचा गुंता

'एके' म्हणजे 'अव्तोमात कलाश्निकोवा', कलाश्निकोव्हची स्वयंचलित रायफल. ४७ हे साल आहे, १९४७. ५६ हेही सालच, पण रशियाचं नव्हे. सोव्हिएत रचनेवरून चीनने १९५६ साली जी रायफल काढली तिचं नाव 'टाइप ५६'. आपल्याकडच्या बातम्यांनी तिची एके-५६ केली आणि १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यानंतर तो आकडा घरोघरी पोचला. ५६ ही ४७ ची सुधारलेली आवृत्ती, असं आपण धरून चालतो. खरं तर ती तिची चिनी चुलतबहीण.

२०३ हे साल नाही. रशियाने १९९० च्या दशकात निर्यातीसाठी १०० ची मालिका काढली, पुढे २०० ची. या मालिकांत शेवटचा आकडा काडतूस कोणतं आणि नळी आखूड की पूर्ण, एवढं सांगतो. १०३ आणि २०३ या दोन्हींच्या शेवटी ३ आहे, म्हणजे ७.६२ मिलिमीटरचं काडतूस आणि पूर्ण लांबीची नळी. मधल्या दीडशे रायफली कोणी खाल्ल्या नाहीत, त्या कधी जन्मल्याच नव्हत्या.

पण मग ७.६२ हे काय प्रकरण? सरळ सात किंवा आठ का नाही?

इंचाचा दहावा भाग

जुन्या रशियात बारीक मापासाठी 'लिनिया' म्हणजे रेष हे एकक होतं. एक रेष म्हणजे इंचाचा दहावा भाग, २.५४ मिलिमीटर. तीन रेषा म्हणजे ७.६२. रशियाने १८९१ साली जी रायफल स्वीकारली तिचं अधिकृत नावच 'तीन रेषांची रायफल, नमुना १८९१' असं होतं. सैनिक तिला 'त्र्योख्लिनेयका', म्हणजे तीनरेषी, म्हणत.

तिच्यामागे मोठी ठेच होती. १८७७ साली, आजच्या बल्गेरियातल्या प्लेव्हना गावाच्या वेढ्यात तुर्कांनी रशियन सैन्याला पुरतं भाजून काढलं. तुर्कांकडे लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या अमेरिकन विंचेस्टर होत्या, तर रशियन शिपाई एक काडतूस भरा, झाडा, पुन्हा भरा, याच चालीवर होते. म्हणून मॅगझीन असलेल्या, म्हणजे अनेक काडतुसं पोटात बाळगणाऱ्या रायफलीचा शोध सुरू झाला. स्पर्धेत दोघे उरले, रशियातल्या तुला शहरातल्या कारखान्यातला कॅप्टन सर्गेई मोसिन आणि बेल्जियमचा लेओन नागाँ. शेवटी मोसिनची रचना मुख्य धरून तीत नागाँच्या काही कल्पना घातल्या गेल्या. नागाँला २ लाख रूबल मिळाले, मोसिनला ३० हजार. रायफलीच्या नावातून तर दोघेही गळाले. घरच्या माणसाला उपरण्यावर बोळवायचं आणि पाहुण्याला शालजोडी द्यायची, ही रीत आपल्यालाही अनोळखी नाही.

ही रायफल चालते कशी? जुन्या वाड्याच्या दाराची आडवी लोखंडी कडी आठवा. दांडा वर उचला, मागे ओढा, पुढे सारा, खाली दाबा. बस्स. मागे ओढल्यावर रिकामं कवच बाहेर पडतं, पुढे सारल्यावर नवं काडतूस नळीच्या तोंडाशी बसतं, खाली दाबल्यावर कुलूप लागतं. पोटात पाच काडतुसं. बिघडायला आत फारसं काही नाहीच.

इथे एक फरक सांगून ठेवतो, पुढे लागेल. गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, जे उडून जातं. काडतूस म्हणजे कवच, त्यातली दारू, बुडाची टोपी आणि वर बसवलेली गोळी, असा सगळा ऐवज. मापात दोन आकडे असतात, नळीचा व्यास आणि कवचाची लांबी. मोसिनचं काडतूस ७.६२ बाय ५४. एके-४७ चं ७.६२ बाय ३९. भारताने २०१९ पासून घेतलेल्या सिग ७१६ रायफलींचं ७.६२ बाय ५१. आकडा सारखा दिसला म्हणून एकाचं दुसऱ्यात चालत नाही. एकाच घेराची, पण वेगवेगळ्या उंचीची पातेली असतात ना, तसं.

मोसिनच्या काडतुसाच्या बुडाला ताटासारखा बाहेर आलेला काठ आहे. हा काठ पुढच्या शंभर वर्षांच्या रशियन इंजिनिअरांची डोकेदुखी ठरला. काडतुसं एकावर एक रचताना काठात काठ अडकतो. मशीनगनच्या पट्ट्यातून काठाचं काडतूस सरळ पुढे ढकलता येत नाही, आधी मागे ओढून काढावं लागतं. तरी रशियाने ते बदललं नाही. काडतूस बदलायचं म्हणजे रायफली, मशीनगन, कारखान्यांतली यंत्रं आणि कोठारांतला डोंगराएवढा साठा, सगळंच बदलायचं. काडतूस बनवणं हा आपल्याकडेही वेगळाच मोठा संसार आहे. भुसावळजवळ वरणगावला आयुध निर्माणी आहे ती त्यासाठीच.

चांगली रायफल का हरली?

पहिल्या महायुद्धात रशियाची अडचण रायफल चांगली की वाईट ही नव्हतीच. रायफलीच नव्हत्या. १९१५ साली बिनहत्यारी शिपाई आघाडीच्या मागे थांबत आणि पुढचा पडला की त्याची रायफल उचलत. मोसिन रायफली बनवून घेण्यासाठी अमेरिकेतल्या रेमिंग्टन आणि वेस्टिंगहाउस कंपन्यांकडे जावं लागलं. याच काळात व्लादिमीर फ्योदोरोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने एक स्वयंचलित रायफल करून दाखवली. कमी धक्का देणारं जपानी ६.५ मिलिमीटरचं काडतूस तिच्यासाठी निवडलं. 'अव्तोमात' हे नाव पुढे तिलाच पडलं. काळाच्या वीस-पंचवीस वर्षं पुढची वस्तू होती. सगळ्या मिळून साधारण ३,२०० बनल्या. बास.

दुसरा धडा फिनलंडने शिकवला. १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनिश शिपायांच्या सुओमी सबमशीनगनने जंगलात रशियनांची दाणादाण उडवली. सबमशीनगन म्हणजे पिस्तुलाचं छोटं काडतूस वापरून धडाधड झाडणारी बंदूक. लांबचा नेम नाही, पण पन्नास-शंभर मीटरवर भयंकर. त्यानंतर गिओर्गी श्पागिनने पीपीएसएच-४१ काढली. तिचे बहुतेक भाग लोखंडाचा गोळा कोरून नव्हे, तर जाड पत्रा प्रेसवर दाबून बनत. स्टीलचा डबा जसा बनतो तसे. नळीसाठी तर सुरुवातीला मोसिन रायफलीच्या नळ्याच कापून वापरल्या, कारण व्यास तोच, तीन रेषा. चाकाएवढ्या गोल मॅगझीनमध्ये ७१ काडतुसं. युद्ध संपेपर्यंत सुमारे ६० लाख नग बनले.

त्याच वेळी सोव्हिएत सैन्याकडे टोकारेव्हची एसव्हीटी-४० ही स्वतः भरून घेणारी रायफल होती. कागदावर ती मोसिनपेक्षा सरस. जर्मन शिपाई हाती लागली तर ती खुशीने वापरत. पण तिला साफसफाई हवी, जोडणी नीट हवी, शिकलेला हात हवा. १९४१ साली लाखो प्रशिक्षित सैनिक पहिल्या काही महिन्यांत मारले गेले किंवा कैद झाले, आणि शेतावरून उचललेल्या पोरांच्या हातात ती आली. ती अडायला लागली. सरकारने तिचं उत्पादन आटवलं आणि पन्नास वर्षांची म्हातारी मोसिन पुन्हा भरभरून बनवायला घेतली.

रशियन शस्त्र समजायचं तर माझ्या मते हा प्रसंग कळीचा आहे. शस्त्र चांगलं की वाईट हे ते कोणाच्या हातात, कोणत्या कारखान्यातून आणि किती घाईत येणार, यावर ठरतं.

मधल्या काडतुसाची गरज

रायफलीचं मोठं काडतूस हजार मीटरपर्यंत मारा करतं, पण दणका इतका की लागोपाठ झाडताना खांदा आणि नेम दोन्ही उडतात. पिस्तुलाचं काडतूस हातात राहतं, पण दोनशे मीटरपुढे त्यात दम नाही. प्रत्यक्षात पायदळाच्या बहुतेक चकमकी होतात तीन-चारशे मीटरच्या आत. कोथिंबीर आणायला ट्रक काढायचा की सायकल, असा हा पेच. उत्तर स्कूटर.

जर्मनांनी मधल्या ताकदीचं काडतूस आणि त्यासाठीची रायफल आधी मैदानात उतरवली. तिचे नमुने हाती आल्यावर १९४३ साली सोव्हिएत तज्ज्ञांनी आपलं मधलं काडतूस ठरवलं, तेच पुढे ७.६२ बाय ३९ झालं. मोठं काडतूस साधारण २२ ग्रॅमचं, हे १६ ग्रॅमचं. शेकड्याला अर्धा किलोहून जास्त वजन वाचलं. पाठीवर वाहणाऱ्याला विचारा, अर्धा किलो म्हणजे काय.

मिखाईल कलाश्निकोव्ह हा अल्ताईतल्या शेतकऱ्याचा मुलगा, रणगाड्यावरचा सार्जंट. ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्र्यान्स्कजवळ जखमी झाला आणि रुग्णालयात पडल्यापडल्या बंदुकीची चित्रं काढू लागला. नंतरच्या स्पर्धांत त्याची पहिली हत्यारं नापास झाली. कोव्रोव्हच्या कारखान्यात अलेक्सांद्र झाइत्सेव्हसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्याने रचना जवळपास नव्याने मांडली, १९४७ च्या चाचण्यांत ती टिकली आणि १९४९ साली सैन्याने स्वीकारली. रुग्णालयातला सार्जंट आणि त्याची एकहाती प्रतिभा, ही प्रचाराची गोष्ट. खरी गोष्ट कारखान्याची आहे.

ती अडकत का नाही?

सागवानी दार घट्ट बसवलं की दिसायला सुरेख, पण पावसाळ्यात फुगतं आणि खांदा लावावा लागतो. गोठ्याचं दार सैल असतं, कुठूनही फट दिसते, पण बारा महिने उघडतं. एकेच्या आतल्या हलत्या भागांभोवती अशीच सढळ मोकळी जागा ठेवलेली आहे. वाळू, चिखल, जुनं तेल यांना बसायला जागा मिळते आणि काम चालू राहतं.

दुसरं, ताकद. गोळी सुटताना नळीत प्रचंड वायू तयार होतो. त्यातला थोडा वरच्या बारीक भोकातून काढून त्याने एक जड दट्ट्या मागे ढकलला जातो. कुकरची शिट्टी वाफ उचलते, तसाच न्याय. हा दट्ट्या मागे जाताना कडी फिरवून उघडतो, रिकामं कवच फेकतो. स्प्रिंग त्याला पुढे आणते आणि नवं काडतूस बसतं. म्हणजे मोसिनमध्ये जे हात करत होता तेच इथे वायू करतो. दट्ट्या मुद्दाम जड ठेवला आहे, थोडीबहुत घाण तो रेटून नेतो.

तिसरं मला सगळ्यांत आवडतं. एकेचं मॅगझीन केळ्यासारखं वाकडं का? काडतूस निमुळतं आहे म्हणून. गाजरं एकाशेजारी एक चिकटवून ठेवली की रांग आपोआप वळते. आणि काडतूस निमुळतं का? कुल्फी साच्यातून का निसटते, त्याच कारणाने. साचा निमुळता असतो, जरा हलली की सुटते. सरळ नळकांडं असतं तर चिकटून बसलं असतं. रायफलीच्या दस्त्यात मागच्या बाजूला एक झाकण आहे, आत बोटभर डबीत साफसफाईची अवजारं. सोव्हिएत शाळांत मुलामुलींना ही रायफल घड्याळ लावून सुटी करायला आणि पुन्हा जोडायला शिकवत.

पण 'साधी' हा शब्द वापरताना जरा जपून. पहिल्या एकेचा सांगाडा पत्रा दाबून बनवायचा बेत होता. जमला नाही. इतका माल बाद होऊ लागला की अखंड लोखंड कोरून सांगाडा काढायची पाळी आली. वेरुळचं कैलास लेणं जसं नको तो दगड काढून टाकत घडवलं, तसं. महाग, वेळखाऊ आणि जड. पत्र्याचा सांगाडा खऱ्या अर्थाने साधला तो १९५९ च्या एकेएम या सुधारित आवृत्तीत. वजन सव्वाचार किलोवरून सव्वातीन किलोच्याही खाली आलं. दहा वर्षं लागली डबा नीट ठोकायला! जगभर सर्वांत जास्त पसरली ती हीच, आणि बातम्यांत दिसणारी 'एके-४७' पुष्कळदा हीच असते.

जर्मन रायफलीची नक्कल नाही का?

हा आक्षेप हमखास येतो. बाहेरून एके आणि जर्मनांची ती मधल्या काडतुसाची रायफल, एसटीजी-४४, दोघी बहिणी वाटतात, आणि जर्मन अभिकल्पक हुगो श्माइसर युद्धानंतर १९५२ पर्यंत इझेव्हस्क या रशियन शस्त्रकारखान्यांच्या शहरातच होता, हेही खरं. मधलं काडतूस आणि वाकडं मॅगझीन, ही कल्पना जर्मनांनी मैदानात आधी आणली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आत उघडून पाहा. जर्मन एसटीजी-४४ ची कडी तिरकी होऊन कुलूप लावते, एकेची गोल फिरते. यंत्र म्हणून दोन्ही वेगळी.

यात एक गंमत आहे. २०१७ साली मॉस्कोत कलाश्निकोव्हचा मोठा पुतळा उभारला. काही दिवसांतच कोणाच्या तरी लक्षात आलं की चौथऱ्यावर कोरलेली सुट्या भागांची आकृती एकेची नसून जर्मन एसटीजी-४४ ची आहे. कामगार आले आणि ग्राइंडर लावून तो तुकडा कापून घेऊन गेले.

नेम तर धड लागत नाही म्हणे?

तीनशे मीटरवर उभ्या माणसाएवढ्या लक्ष्यासाठी एके पुरेशी आहे. त्यापुढे ती पाश्चात्त्य रायफलींहून कमी पडते. जड दट्ट्या आत धडकत असतो आणि जुन्या रायफलींवर डोळ्यापासच्या व नळीवरच्या खुणांतलं अंतर कमी आहे. रशियनांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी काम वाटून दिलं. लांबच्या नेमासाठी १९६३ ची द्रागुनोव्ह, सलग माऱ्यासाठी १९६१ ची पीके मशीनगन, आणि रणगाड्यासाठी आरपीजी-७. या आरपीजीची मूळ रशियन अक्षरं 'हातातलं रणगाडाविरोधी ग्रेनेड फेकणारं यंत्र' एवढंच सांगतात. 'रॉकेटवर चालणारं ग्रेनेड' हा इंग्रजीने मागाहून लावलेला अर्थ. द्रागुनोव्ह आणि पीके, दोन्ही आजही मोसिनचंच काठवालं काडतूस खातात.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेची छोट्या गोळीची एम-१६ पाहून सोव्हिएतांनी ५.४५ मिलिमीटरचं काडतूस आणि एके-७४ काढली. धक्का कमी, वजन कमी. मग पुन्हा हुशारीचा मोह. १९९० च्या दशकातली एएन-९४ रायफल पहिल्या दोन गोळ्या इतक्या झपाट्याने सोडते की खांद्याला धक्का जाणवेपर्यंत दोन्ही निघून गेलेल्या असतात. त्यासाठी आत चक्क तार आणि कप्पी आहे, विहिरीवर असते तशी. महाग पडली, शिकवायला अवघड गेली, थोडक्याच बनल्या. एके-१२ या २०१८ साली स्वीकारलेल्या रायफलीतही दोन-दोन गोळ्यांची सोय होती. युक्रेनमधल्या अनुभवानंतर २०२३ च्या आवृत्तीत ती काढून टाकली.

इतकी चालणारी वस्तू चुकीच्या हातात गेली तर?

गेलीच. सोव्हिएत संघाने मित्रदेशांना रायफली तर दिल्याच, बनवायची विद्याही दिली. चीन, पूर्व युरोप, उत्तर कोरिया, सगळीकडे कारखाने निघाले. या घराण्याच्या रायफलींची संख्या ७ ते १० कोटींच्या घरात धरतात. मोझांबिकच्या राष्ट्रध्वजावर तिचं चित्र आहे. अडाणी हातातही चालावी म्हणून बनवलेलं हत्यार कोणाच्याही हातात चालतं, पोराच्या आणि दहशतवाद्याच्याही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर पोलीस सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या हातातली जी नळी घट्ट धरून ठेवली, ती याच घराण्यातल्या रायफलीची होती. ओंबळ्यांच्या हातात काठी होती.

कलाश्निकोव्हने आयुष्यभर, मी मायभूमीच्या रक्षणासाठी हत्यार केलं, असंच सांगितलं. २०१३ च्या डिसेंबरात तो वारला. त्याआधी त्याने रशियन धर्मप्रमुखाला पत्र लिहून, माझ्या रायफलीने माणसं मेली तर त्याचा दोष माझ्याकडे येतो का, असं विचारलं होतं. ते पत्र त्याच्या मृत्यूनंतर छापून आलं.

मग भारताने आता ती का घेतली?

आपली इन्सास रायफलही आतून बरीचशी कलाश्निकोव्हच्या वळणाचीच, फक्त काडतूस ५.५६ मिलिमीटरचं. कारगिलच्या थंडीत तिच्या मॅगझीनला तडे गेल्याच्या तक्रारी गाजल्या. काश्मीर आणि ईशान्येत जवळून होणाऱ्या चकमकींत आपले जवान आधीपासून एके वापरत होतेच. डिसेंबर २०२१ मध्ये ६,०१,४२७ एके-२०३ रायफलींचा करार झाला, त्या कोरव्यात बनवायच्या असं ठरलं. या रायफलीत नवीन काय? दुर्बीण बसवायला वर पट्टी, घडी होणारा आणि मागेपुढे करता येणारा दस्ता, हाताला बरी मूठ. आतलं यंत्र मात्र आजोबांच्या ओळखीच्या सत्तेचाळीसचंच.

ड्रोनच्या जमान्यात रायफलीचं काय?

युक्रेनमध्ये बहुतेक जीव तोफा आणि ड्रोन घेतात, हे खरं. पण खंदकात उतरून तो ताब्यात घ्यायचं काम अजून माणसालाच करावं लागतं. आणि माणूस कमी पडू लागला की कोठारं उघडतात. २०२२ साली दोनेत्स्कमध्ये रशियाच्या बाजूने सक्तीने भरती केलेल्यांच्या हातात मोसिन रायफली दिसल्या, त्याच, नमुना १८९१ च्या घराण्यातल्या, लाकडी दस्त्याच्या, कडी ओढायच्या. त्यांच्यासाठी वेगळी काडतुसं शोधायची गरज नव्हती. शेजारच्या पीके मशीनगनवाल्याच्या पट्ट्यातलं एक काडतूस काढून मोसिनमध्ये घातलं की ते बरोबर बसतं.